ती उठली, म्हणून

फोनवर डेस ट्रेव्हास्किस. आवाज निवांत.
"पेनीनं लांबडं मारलं, पंपाच्या खोलीमागे.
मधेच कोसळली मिनिटभर. चारी पाय ताठ.
मग उठली. अंग झटकलं. पाणी प्यायली.
आत्ता शेपूट हलवतेय माझ्याकडे बघून.
मेंढ्या आत घेतो नि संध्याकाळी आणतो. चालेल ना?"

डिसेंबर आहे. मॅलीतला डिसेंबर,
बाहेर त्रेचाळीस, रस्त्याचं डांबर बुटांना चिकटतंय.
डेसच्या शेतापासून आमचा दवाखाना
ब्याण्णव किलोमीटर.

मी ओरडले.
म्हातारा माणूस, माझ्या आजोबांच्या टीमचा विकेटकीपर,
त्याच्यावर ओरडले:
मेंढ्या राहू देत. तिला चालू देऊ नका, उचला.
उचला आणि निघा.

कारण हे उठणं माझ्या ओळखीचं आहे.
नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका बाईनं असाच फोन केला होता.
पडला होता, म्हणाली, पण आता खेळतोय बघ.
मी म्हटलं, मग बरं आहे. लक्ष ठेवा.
एकवीस वर्षांची होते.
उठलेलं जनावर म्हणजे वाचलेलं जनावर,
एवढंच कळत होतं.
त्या कुत्र्याचं नाव बिस्किट.
बाईचं नाव मी विसरलेली नाही. सांगणारही नाही.

तपकिरी सापाचं विष
एकदा आपटतं, मग पकड ढिली करतं,
मांजर उंदराला सोडतं तशी, गंमत बघायला.
तेवढ्या सुट्टीत कुत्रं घरभर हिंडतं.
माणसं हसतात, डोळे पुसतात,
कुणीतरी फ्रीजमधला मटणाचा तुकडा पुढे करतं.
आत रक्त
गोठायचं कसं ते विसरत असतं.

पंचेचाळीस मिनिटांत पोचला डेस.
कसा, ते मी विचारलं नाही.
ट्रकच्या पुढच्या सीटवर पेनी, डोकं त्याच्या टोपीत.
डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या
की भोवतीचा रंगच उरला नव्हता.
मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत, तसे.

तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं.
मुठीची ऊब देत दर मिनिटाला तिरकं केलं.
पाच. आठ. बारा.
एरवी एव्हाना जेली होते.
हे पाण्यासारखं इकडून तिकडे,
इकडून तिकडे, लाल पाणी.

फ्रीजमध्ये माझ्या डब्याशेजारी दोनच कुप्या.
डॉक्टर फामनं किंमत सांगितली.
डेसनं टोपीच्या आत पाहिलं,
जणू तिथं काही लिहून ठेवलं होतं.
"दोन मेंढे विकतो," म्हणाला.
"तसेही ते दिवसभर कुंपणाशी भांडतात नुसते."

रात्री तिच्या छातीनं काम सोडलं.
घशातल्या नळीला पिशवी लावून मी तिचा श्वास घेत बसले.
दाब, सोड. दाब, सोड.
दोनच्या सुमाराला माझी बोटं वळेनात,
तेव्हा डेसनं पिशवी घेतली
आणि मोठ्यानं मोजू लागला,
फाटकातून मेंढ्या आत घेताना मोजतात तसं.
चारशेपर्यंत गेला. तेवढ्याच आहेत त्याच्याकडे.
मग पुन्हा एकपासून.

चौथ्या दिवशी तिला मागच्या अंगणात नेलं.
भिंतीशी बागेचा पाइप पडला होता, वेटोळं घालून.
पेनी थांबली. मानेवरचे केस उभे.
मला वाटलं, शिकली बिचारी.
एक पाय पुढे. थांबली. दुसरा पाय पुढे.
आणि झडप घालून दातांत धरला तिनं तो पाइप,
असा झटकला, असा झटकला,
की दोघांच्या अंगावर पाणी.
मग दम लागून त्याच्यावरच बसली.
"मूर्ख," डेस म्हणाला,
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

नवी मुलगी येणार आहे सोमवारपासून.
फोनशेजारी तिच्यासाठी चिठ्ठी चिकटवलीय:
कुणी म्हणालं, पडला होता पण उठलाय,
तर कसा आहे विचारू नकोस.
किती लांब आहात, ते विचार.